आवाज कधी येतो ते सांगा

पिकअप गॅरेजला आणणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "गिअरबॉक्स आवाज करतोय." मिस्त्री एक फेरी मारून येतो, मान हलवतो आणि संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली उतरलेला असतो. कधी तो उतरवायलाच हवा असतो. कधी मात्र क्लचच्या डबीतलं तेल उतरलेलं असतं, एवढंच. दोन्हींच्या बिलात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो बऱ्याचदा ड्रायव्हरनं काय सांगितलं यावर ठरतो.

आवाज कसा येतो हे सांगण्यात फार अर्थ नसतो. एकाची घरघर ती दुसऱ्याची खरखर. पण आवाज कधी येतो, हे कुणालाही नेमकं सांगता येतं. क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर? सगळ्या गिअरमध्ये की एकाच? अॅक्सिलरेटर दिलेला असताना की पाय काढल्यावर? गाडी उभी असतानाही येतो की चालतानाच? एवढं नीट सांगितलं तर निम्मं निदान बोनेट न उघडता होतं.

त्यासाठी गाडीखालचा क्रम डोक्यात हवा. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना असतो. इंजिनला चिकटून क्लच, त्यामागं गिअरबॉक्स, तिथून मागं जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांना क्रॉस, शाफ्ट दोन तुकड्यांत असेल तर मध्ये सेंटर बेअरिंग, आणि शेवटी मागच्या अॅक्सलमधलं हाउसिंग, म्हणजे क्राउन-पिनियन. बिघाड यातल्या कुठल्याही ठिकाणी होऊ शकतो. बदनाम होतो तो गिअरबॉक्स.

पहिली तपासणी उभ्या गाडीवर होते. इंजिन गरम होऊ द्या, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्लचवरून पाय पूर्ण काढा. आता चाकं थांबलेली असली तरी गिअरबॉक्सच्या आत बरंच काही फिरत असतं. इनपुट शाफ्ट फिरतो, त्याच्या जोरावर काउंटर शाफ्ट फिरतो आणि त्याच्या दातांत अडकलेले वरचे गिअरही फिरतात. या वेळी घरघर येत असेल तर पेडल सावकाश दाबा. क्लच सुटला की हे सगळं थांबतं. त्याबरोबर आवाजही थांबला, तर संशय इनपुट शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट आधी सगळं शांत होतं आणि पेडल दाबताच घासल्यासारखा आवाज सुरू झाला, तर तो बहुधा रिलीज बेअरिंगचा. ते क्लचचं सामान आहे, गिअरबॉक्सचं नव्हे. इथं एक सावधगिरी हवी. डिझेल इंजिन मंद चालत असताना न्यूट्रलमध्ये थोडीशी खडखड असतेच. इंजिनच्या धक्क्यांनी मोकळे गिअर एकमेकांवर आपटतात, त्याची ती खडखड. रेस थोडी वाढवली की ती नाहीशी होते. बेअरिंगची घरघर मात्र रेसबरोबर चढत जाते.

क्लचचे आजार दोन, आणि ते एकमेकांच्या उलट. एकात क्लच पुरेसा पकडत नाही, दुसऱ्यात पुरेसा सोडत नाही.

न पकडणारा क्लच चढावर उघडा पडतो. इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि केबिनमध्ये जळका वास येतो. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेटनी बसवलेलं असतं. ते झिजून रिव्हेट उघडे पडले की फ्लायव्हीलवर चरे पडतात आणि खर्च एका भागावरून दुसऱ्यावर जातो. शंका असेल तर सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढून, टॉपच्या गिअरमध्ये, हलकी रेस देत क्लच सोडून पाहा. समोर माणूस उभा नको. धड क्लच इंजिन लगेच बंद पाडेल. इंजिन निवांत फिरत राहिलं, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर उरलेलं अस्तरही तिथंच जळेल.

न सोडणाऱ्या क्लचचं लक्षण फसवं असतं, कारण ते हातात, म्हणजे गिअरच्या दांड्यात, जाणवतं. गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना दात करकरतात आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर आधी क्लचकडे बघा. आणखी एक खूण म्हणजे पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला गती जुळवणारा सिंक्रोनायझर नसतो, म्हणून आतलं फिरणं थांबल्याशिवाय तो शांतपणे पडत नाही. एवढं थांबूनही करकर आली, तर प्लेट अजून इंजिनबरोबर ओढली जाते आहे. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा भराभर पंप करून पाहा. त्यानंतर गिअर सरळ पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा वरचा-खालचा सिलिंडर गळतो आहे. हे काम गिअरबॉक्सला हात न लावता होतं. असं असूनही आधी गिअरबॉक्स उतरवणारे मिस्त्री भेटतात. त्यांना पेडल पंप करून दाखवावं.

बॉक्स उतरवावाच लागला, तर मात्र कंजुषी नको. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावं. मजुरी सगळी उतरवण्या-चढवण्याची असते. जुनं बेअरिंग वाचवलं आणि ते चार महिन्यांनी वाजायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा.

क्लच निर्दोष असूनही एखादाच गिअर करकरत असेल, तर बोट सिंक्रोनायझरकडे जातं. गिअर टाकताना वेगवेगळ्या गतीनं फिरणारे दोन भाग जोडायचे असतात. ते जुळायच्या आधी त्यांची गती एक व्हावी म्हणून मध्ये एक रिंग असते, बहुतेकदा पितळेची. ती आधी घासते, गती जुळवते आणि मग दात बसतात. ही सोय मोटारींत 1928 मध्ये कॅडिलॅकनं पहिल्यांदा आणली. त्याआधी गती जुळवण्याचं काम ड्रायव्हरचा पाय करत असे. आपल्याकडं जुन्या ट्रकवर हात बसलेले ड्रायव्हर ज्याला डबल क्लच म्हणतात ते हेच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच आणि मग गिअर. ही जुनी विद्या आज निदानाला कामाला येते. दुसरा गिअर एरवी करकरतो आणि डबल क्लच मारल्यावर गुपचूप बसतो, तर क्लच ठीक आहे आणि रिंग झिजली आहे. बहुतेक वेळा दुसऱ्याचीच रिंग आधी जाते, कारण गर्दीत, खड्ड्यांत, वळणांवर सगळ्यात जास्त राबतो तो दुसराच, आणि तिथं जुळवायचा गतीतला फरकही मोठा असतो.

आता घाटाकडे येऊ. घाट हीच पिकअपची खरी प्रयोगशाळा आहे, आणि तुमचा माल कुठल्या दिशेनं जातो यावर कुठला आजार आधी दिसेल हे ठरतं. देवगडचा हापूस फोंडा घाटानं वर चढून कोल्हापूर-निपाणीकडे निघतो, तेव्हा गाडी भरलेली असते आणि रस्ता चढाचा. घसरणारा क्लच इथं लपत नाही. नारायणगावचा टोमॅटो आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड करत कल्याण-वाशीला जातो, तेव्हा भरलेली गाडी उतरत असते आणि परत चढते ती रिकामी. अशा गाडीचा क्लच अर्धा संपला तरी कळत नाही. तिथं दिसतो तो दुसराच आजार, गिअर सुटण्याचा.

उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की जोराची दिशा उलटते. एरवी इंजिन चाकांना ढकलतं, आता चाकं इंजिनला. गिअरचे कुत्रदात, म्हणजे गिअर आणि त्याला पकडणारी कॉलर यांच्यामधले छोटे दात, किंचित तिरके कापलेले असतात. जोर आला की ते एकमेकांना आत खेचतात. त्यांच्या कडा गोल झाल्या की खेचण्याऐवजी ढकलायला लागतात. मग दांडा हातात थरथरतो आणि एका क्षणी 'खट्' करून न्यूट्रलला येतो. भरलेल्या पिकअपला माळशेजच्या वळणावर असं झालं, तर इंजिनचा अटकाव गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. म्हणून गिअर सुटणं हे गॅरेजला सवडीनं दाखवायचं लक्षण नाही. दुरुस्ती होईतोवर घाट टाळावा, आणि टाळता येत नसेल तर दुसऱ्या गाडीनं माल पाठवावा.

बॉक्स उघडण्याआधी मात्र दोन स्वस्त गोष्टी बघून घ्याव्यात. गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर अख्खा बॉक्स हलतो आणि त्या हलण्यानं गिअर बाहेर पडतो. दांड्याखालच्या लिंकेजचं बुश झिजलं असेल तर गिअर पूर्ण बसतच नाही. ड्रायव्हरला वाटतं बसला, आत तो अर्ध्यावर असतो. या दोन्हीत काही नाही सापडलं, तर कॉलर सरकवणारा शिफ्ट फोर्क, त्याला जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी, आणि कुत्रदात. फोर्क झिजवण्यात आपल्या एका सवयीचा हात असतो, अक्षरशः हात. दांड्यावर तळवा टेकवून गाडी चालवणारे फोर्कला सारखे फिरत्या कॉलरवर दाबत असतात. क्लचवर पाय ठेवून चालवणारे तेच रिलीज बेअरिंगचं करतात.

चालत्या गाडीतल्या आवाजाचं गणित थोडं वेगळं. सपाट, रिकाम्या रस्त्यावर साठेकचा वेग घ्या, अॅक्सिलरेटर सोडा आणि क्षणभर न्यूट्रल करा. हे फक्त सपाटीवर. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांसाठी हा परवाना नाही. इंजिनची रेस पडली तरी आवाज वेगाबरोबरच राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला नाही. प्रोपेलर शाफ्ट, हाउसिंग किंवा चाकाचं बेअरिंग बघा. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर तो त्या गिअरच्या जोडीचा. आणि सगळ्या गिअरमध्ये येतो पण चौथ्यात कमी होतो, असं असेल तर ती फार उपयोगी बातमी आहे. मागच्या चाकांना जोर असलेल्या बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो. जोर इनपुट शाफ्टमधून सरळ मागं जातो आणि काउंटर शाफ्ट बिनभाराचा नुसता फिरत राहतो. म्हणून चौथ्यात गप्प बसणारा आवाज काउंटर शाफ्टचं नाव सांगतो. रिव्हर्सची कुई मात्र मनावर घेऊ नये. बऱ्याच गाड्यांत त्याचे दात सरळ कापलेले असतात आणि सरळ दात वाजतातच.

गाडी हलताना किंवा पुढचा-मागचा गिअर बदलताना 'टक्' असा धातूचा ठोका येत असेल, तर क्रॉस. गाडी सपाटीवर लावा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करून न्यूट्रल करा, खाली जाऊन शाफ्ट हातानं फिरवून आणि वर-खाली हलवून पाहा. क्रॉसच्या कपात जरासा खेळ जाणवला तरी तो संपला समजा. कपाच्या तोंडाशी गंजाची लालसर भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस केव्हाच गेलं. ठराविक वेगाला येणारी आणि वेग बदलला की जाणारी थरथर सेंटर बेअरिंगची किंवा शाफ्टच्या बॅलन्सची असते. अॅक्सिलरेटर दिल्यावर येणारी आणि सोडल्यावर जाणारी, किंवा याच्या उलट वागणारी लांबलचक कुई हाउसिंगची.

इतकं सगळं ऐकून झालं, तरी सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे ऑइल. गिअरबॉक्सच्या बाजूला एक फिलर प्लग असतो. सपाटीवर उभ्या गाडीचा तो प्लग उघडून करंगळी आत घातली, तर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकायला हवं. बोट कोरडं निघालं तर आधी गळती शोधा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, त्यावरून ते इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखता येतं. मागच्या सीलमधून गळलं तर प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी ओल दिसते. पुढच्या सीलमधून गळलं तर बाहेर फारसं दिसतही नाही. ते क्लच प्लेटवर जातं आणि नवी प्लेटसुद्धा घसरायला लागते.

ऑइल बदलताना खालच्या प्लगला चुंबक असेल, तर तो पुसून टाकण्याआधी नीट बघा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असतो, तो बोटांत चोळला तर रवाळ लागत नाही. तो नेहमीच्या झिजेचा, काळजीचं कारण नाही. त्यात टोचणाऱ्या कपच्या असतील तर बेअरिंग किंवा दात सोलला जातो आहे. दाताचा तुकडाच निघाला तर त्या दिवशी गाडी भरू नये. चुंबकावर न चिकटलेली पण ट्रेमधल्या ऑइलवर उन्हात चमकणारी सोनेरी कणी ही पितळेची, म्हणजे सिंक्रोनायझरच्या रिंगची. ही कणी दिसली की आणखी एक प्रश्न विचारायचा, मागच्या वेळी कुठलं ऑइल भरलं होतं? जीएल-5 प्रतीच्या ऑइलमध्ये हाउसिंगच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी जीएल-4 पेक्षा जास्त गंधकयुक्त रसायनं असतात, आणि त्यांतली काही पितळेला मानवत नाहीत. हाउसिंगचा डबा उरला म्हणून तोच गिअरबॉक्सला ओतणं हा आपल्याकडचा लाडका शॉर्टकट. सर्व्हिस बुकात लिहिलेली प्रत आणि नंबर एवढंच भरावं, दुकानदार कितीही "हे हेवी आहे, चालतंय" म्हणाला तरी.

ऑइल दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर आत पाणी आहे. ते शिरायची वाट वेगळीच असते. गिअरबॉक्सला आणि हाउसिंगला हवा आत-बाहेर जायला ब्रीदर असतो. तापलेली गाडी ओढ्यात किंवा तुंबलेल्या रस्त्यात शिरली की धातू गार पडतो, आतली हवा आकसते आणि बुडलेल्या ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणजे गाडी पाण्यात बंद पडायचीही गरज नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचं इंजिन सुरू झालं म्हणजे काम झालं असं होत नाही. गिअरबॉक्स आणि हाउसिंग दोन्हींचं ऑइल उतरवायलाच लागतं. नाहीतर बेअरिंगवर गंज धरतो आणि घरघर महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होते, तेव्हा पुराची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

ओझ्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा धरतात. 1.7 टन क्षमतेच्या पिकअपमध्ये असे 85 क्रेट झाले की क्षमता संपली, प्लास्टिकचं वजन वेगळंच. हंगामात 85 वर कोण थांबतं, ते मार्केट यार्डात जाऊन बघावं. गिअरचे दात त्यानं लगेच तुटत नाहीत, म्हणूनच सगळ्यांना वाटतं गाडी ओढते आहे. बेअरिंगचा हिशेब मात्र निराळा असतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर, दुप्पट झाला की आठव्या हिश्श्यावर. जास्तीच्या वीस-पंचवीस क्रेटचं भाडं त्याच दिवशी हातात पडतं, बेअरिंगचं बिल दोन वर्षांनी येतं, आणि दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही.

ऑटोमॅटिक गिअरच्या पिकअप आपल्याकडं मोजक्याच, त्याही बहुतेक हौसेच्या. त्यांत क्लच पेडल नाही, म्हणून वरच्या निम्म्या खुणा लागू नाहीत. गिअर टाकल्यावर गाडी दोन क्षण थबकून मग झटक्यानं निघणं, गिअर बदलताना इंजिनची रेस उगाच चढणं, आणि लालसर तेल तपकिरी होऊन त्याला जळका वास येणं या त्यांच्या खुणा. तिथं घरगुती प्रयोग न करता जाणत्याकडे जाणं बरं.

जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड गाडीतला गिअर आणि तासभर भार घेऊन फिरल्यानंतरचा गिअर, दोन्ही तुम्हाला बघायचे असतात. बॉक्समध्ये गरजेपेक्षा घट्ट ऑइल ओतून आवाज दाबायची युक्ती जुनी आहे. थंड असताना ते ऑइल आवाज गिळतं पण गिअर जड पडतात. गरम होऊन पातळ झालं की गिअर हलके होतात आणि घरघर वर येते. सौदा करण्याआधी एखादा चढ चढवा, एखादा उतार पाय काढून उतरवा आणि दांड्यावर हात न ठेवता त्याच्याकडे बघत राहा.

आणि गाडी रस्त्यातच बसली तर? मागची चाकं रस्त्यावर ठेवून लांबवर ओढत न्यायची असेल, तर नुसतं न्यूट्रल पुरत नाही. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ऑइल उडवून वर पोचवण्याचं काम काउंटर शाफ्ट करतो, आणि तो इंजिननं फिरतो. इंजिन बंद, चाकं फिरती अशा अवस्थेत मागचा शाफ्ट कोरडा फिरतो, आणि क्लचचं किरकोळ काम घेऊन निघालेली गाडी गॅरेजला पोचेपर्यंत गिअरबॉक्सचं काम काढते. तेव्हा आधी चाकांना दगड लावून प्रोपेलर शाफ्ट मागच्या बाजूनं सोडवा आणि तारेनं चेसिसला नीट बांधा. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही चाकांना धरून ठेवत नाही. सोडवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खडूनं नव्हे, रंगानं एक आडवी रेघ मारून ठेवा, म्हणजे परत बसवताना तो होता तसाच बसेल आणि नवी थरथर सुरू होणार नाही.